कॅसेटची दुसरी बाजू

१८ एप्रिल १९९०, तालिबसाय बेट

पोचलो एकदाचे. बोटीत सगळ्यांत उलट्या झाल्या त्या मलाच. रुफो म्हणाला, "नोंग, तुझ्या नावातच पुलो आहे, पुलो म्हणजे बेट, आणि बेटावर यायला तुझ्याच पोटात ढवळतं!" बायकोचा भाऊ आहे, मला नोंग म्हणजे दादा म्हणतो, आणि बोटीची सोय त्यानंच केली, म्हणून ऐकून घेतलं.

फिना, ही वही तुझ्यासाठी. कुवेतला जाताना बापाला म्हणाली होतीस, "ताय, मी नसताना काय काय झालं ते लिहून ठेव, आल्यावर वाचीन." दोन वर्षांत लिहिण्यासारखं काही झालंच नाही. लोकांचे केस कापले, दाढ्या केल्या, पाऊस येऊन गेला. आता मात्र लिहितो. काही पानं तुला दाखवायची नसतील, ती तू यायच्या आत फाडून टाकीन.

सुरुवात ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात झाली. लोलो तिबुर, म्हणजे तिबुर आजोबा, दाढी करायला आला होता. किनाऱ्याच्या टोकाला एकटाच राहणारा म्हातारा, गाव त्याला अर्धवट समजतं. गालाला साबण लावलेला असताना तो एकदम बोलायला लागला. युद्धाच्या शेवटच्या वर्षी जपान्यांनी गावातली तरणी पोरं तालिबसायवर नेली. पेट्या होत्या. "खड्डा आम्ही खणला, पुलो. बुजवला त्यांनी. मी पाण्यात उडी टाकली, म्हणून राहिलो." माझा वस्तरा तिथंच थांबला. जपान्यांनी सिंगापूरपासून सगळं लुटत आणलं होतं, बँका, देवळं, बायकांच्या बोटांतल्या अंगठ्या. आपल्या चर्चमधल्या मेरीमातेचा मुकुटही त्याच वर्षी गेला. पार मनिलापर्यंत निम्मा देश त्या पुरलेल्या सोन्यासाठी डोंगर पोखरतोय, आणि ज्यानं तो खड्डा स्वतः खणला तो माझ्या खुर्चीत बसला होता.

"जागा दाखवाल?" विचारलं. म्हाताऱ्यानं साबणासकट मान हलवली.

मिळालं की पहिलं काम तुला परत आणायचं. जूनअखेर तुझा करार संपतो. त्यानंतर तुला कुणाच्या घरची फरशी पुसावी लागणार नाही, या जन्मात नाही.

२६ एप्रिल

जागा लोलोनं लगेच दाखवली, जराही शोधाशोध न करता. बेटाच्या मागल्या अंगाला चुनखडीच्या कड्याखाली, शेजारी कासवासारखा खडक. कासव दिसल्यावर रुफो नाचायलाच लागला, कारण कासव ही जपान्यांची खूण, हे पोरंसोरंही सांगतात. मी कोंबडा कापला. तिथल्या न दिसणाऱ्यांची परवानगी मागितली, तुबा, माडाची ताडी, शिंपडली. उरलेली तुबा रुफोनं न दिसणाऱ्यांच्या वतीनं पिऊन टाकली.

खणायला सेबूकडचे दोघे भाऊ आणलेत, वाटा मिळेल या बोलीवर. माती भुसभुशीत लागली. ते म्हणाले, ही माती आधी कुणीतरी हलवलेली आहे. मी स्वतः खाली उतरून मूठभर माती हातात घेतली.

६ मे, रविवार

सुट्टी. सगळ्यांचे केस कापले. लोलोचं डोकं उकाड्यासाठी पार भादरलं. मागे मानेच्या वर त्याला सुपारीएवढा हाडाचा उंचवटा आहे. "लोलो, लहानपणी झाडावरून पडलात वाटतं?" तो म्हणाला, "नाही रे. आमच्या घरात सगळ्या पुरुषांना आहे. बापालाही होता."

म्हाताऱ्याची एक सवय आहे. रोज संध्याकाळी काम थांबलं की तो खड्ड्याच्या तोंडाशी उभा राहतो आणि हलक्या आवाजात हाक मारतो, "उली, उली ना." घरी चल, घरी चल. आपल्याकडे परक्या जागेहून निघताना लेकरांना अशी हाक मारतातच, जीव तिथं मागे राहू नये म्हणून. आम्हा खणणाऱ्यांचे जीव खाली राहू नयेत म्हणून म्हातारा मारत असेल. चांगलंच आहे. रुफोला हसू येतं, मला येत नाही.

१९ मे

आज तांदळाची बोट आली, आणि बोटीतून फिनाची कॅसेट!

घरून बायकोनं, सिमानं, सोबत निरोप पाठवला होता. बोटवाल्यानं तो तिच्याच ठसक्यात सांगितला: "पुलोला म्हणावं, दुकानाच्या दाराशी गिऱ्हाइकं येऊन परत जातात. कॅसेटची पहिली बाजू सगळ्या गल्लीनं ऐकली. दुसऱ्या बाजूवर 'फक्त ताय' लिहिलंय म्हणून मी लावली नाही. टेपपण पाठवतेय, कुठं फोडू नकोस."

रीतच आहे ती. पहिली बाजू गल्लीची, दुसरी घरच्यांची. जेवण झाल्यावर सगळे गोल बसलो आणि पहिली बाजू लावली. तिचा आवाज आला आणि मी टेपच्या जवळ सरकलो. तिनं सगळ्यांची नावं घेतली, शेजारच्या डुकरालासुद्धा विसरली नाही. मग म्हणाली, "ताय, कात्रीला धार करून ठेव. आल्यावर माझे केस तूच नीट करायचेस. इथं मॅडमनीच कापले, उंदरानं कुरतडल्यागत झालेत!" आणि हसली. सगळे हसले. मालकीण स्वतःच्या हातानं केस कापते म्हणजे पोरीला घरच्यासारखं वागवत असणार, हे ऐकून बरं वाटलं. एकदा म्हणाली, "मी हल्ली स्वयंपाकघरात झोपते, त्या दाराला कडी आहे." तिकडची रात्र गार असते म्हणतात, चुलीची ऊब लागत असेल.

लोलो तिबुर एवढंच म्हणाला, "पोरीला घरी बोलाव, पुलो."

"बोलावणारच आहे," मी म्हटलं. "तुम्ही खड्डा नीट दाखवलात की लगेच."

दुसरी बाजू उद्या एकट्यानं ऐकीन. आज सगळे आजूबाजूला लोळतायत, रुफो तर कान टवकारूनच आहे.

२१ मे

लागलं! दगडासारखा कठीण थर. सेबूचे भाऊ म्हणतात, हा नुसता दगड नाही, जपान्यांचं सिमेंट आहे, त्याखालीच माल असतो. छिन्नीवर घाव घातला की ठिणगी उडते.

पण टॉर्चचे सेल संपले. खाली कंदील नेता येत नाही. धूर कोंडतो, शिवाय जपान्यांनी विषारी वायूच्या बाटल्या पुरल्यात असं सगळेच सांगतात, ज्योत नकोच. रुफोनं सरळ टेपचं झाकण उघडलं. मी ओरडलो, "अरे, मी दुसरी बाजू ऐकली नाही अजून!" तो म्हणाला, "नोंग, कॅसेट काय पळून जाते? दोन दिवसांत हा थर फुटला की टेपसकट दुकान विकत घे." सेल टॉर्चमध्ये गेले. मीच दिले, खरं सांगायचं तर. थर फुटल्यावर ऐकीन, तेव्हा तिला द्यायला चांगली बातमीही असेल.

२ जून

थर फुटला नाही. पहारीची टोकं बोथट झाली. हात असे सुजलेत की आज कात्रीत अंगठा जाईना.

पावसाळी वारा सुरू झालाय, बोट कधी येते, कधी येत नाही. आज आली. नवे सेल आले. ते हातात घेऊन मी टेपकडे गेलोही होतो. एवढ्यात खालून भावांपैकी एकानं हाक मारली, "मालक, उजेड द्या, काहीतरी काळं दिसतंय!" दिला. ते कोळशाचे तुकडे निघाले. कोळसा हीसुद्धा खूणच, असं दोघे म्हणाले. तोवर सेल टॉर्चमध्ये बसले होते आणि रात्रपाळी ठरली होती.

सिमाचा निरोप होता, "दुसऱ्या बाजूवर पोरीनं काय म्हटलंय ते कळव." मी बोटवाल्याला सांगितलं, सगळं ठीक आहे म्हणून सांग. दुसरं काय सांगणार होतो? हे पान फाडायच्या यादीत.

११ जून

हाडं लागली!

संध्याकाळी थराच्या कडेला माती ढासळली आणि बादलीतून मांडीचं हाड वर आलं. मग बरगड्या, मग कवट्या. सेबूचे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले. रुफो वर येऊन मला उचलून नाचला, "हाडं, नोंग, हाडं! आता सोनं हातभर खाली!" हे सगळीकडे ठाऊक आहे. जपानी माल पुरायचे तेव्हा खणणाऱ्यांना मारून वर टाकायचे, त्यांची भुतं राखण करतात म्हणून. हाडांसारखी दुसरी खूण नाही. मलाही रडू आलं. मनात म्हटलं, फिना, झालं. तू आता आलीसच.

एक कवटी हातात घेऊन पुसली. मागे मानेच्या वर सुपारीएवढा उंचवटा. असा उंचवटा कुठंतरी हाताला लागलाय खास, पण सलूनमध्ये शेकडो डोकी हाताखालून जातात, कोणतं ते आठवेना. रुफोनं तिला टोपी घालून, "बोला आजोबा, सोनं कुठाय?" असं विचारलं. सगळे हसलो.

लोलो तिबुर हसला नाही. त्यानं रुफोच्या हातून ती काढून घेतली. एरवी त्याला काठीशिवाय चालवत नाही, पण हाडांची गोणी एकट्यानं ओढत समुद्रापर्यंत नेली.

१३ जून

म्हाताऱ्याला काय झालंय कळत नाही. दोन दिवस हाडं धुतोय. एकेक हाड समुद्राच्या पाण्यात बुडवतो, हातानं चोळतो, चटईवर ठेवतो. खड्ड्याकडे ढुंकून बघत नाही. संध्याकाळची हाकसुद्धा बंद.

मी विचारलं, "लोलो, हाडांच्या खाली अजून किती? पेट्या नेमक्या कुठल्या बाजूला ठेवल्या होत्या?"

तो म्हणाला, "पुरे झालं, पुलो. चला आता. बोट आली की सगळे घरी चला."

"पुरे? आत्ता कुठं लागायला आलंय आणि पुरे?"

"पोरीची कॅसेट ऐक. घरी जा."

मी उठून रुफोला बाजूला घेतलं. त्याचंही मत तेच पडलं: म्हाताऱ्यानं दुसऱ्या कुणाशी सौदा केलाय. अवघड खणणं आमच्याकडून करून घेतलं, हाडं काढून घेतली, आता आम्हाला हाकलून माल दुसऱ्याच्या हाती. चाळीस वर्षं गप्प बसलेला माणूस, त्याच्या पोटात काय असेल कुणी सांगावं? आजपासून रुफो आणि मी पाळीपाळीनं त्याच्यावर नजर ठेवणार. बोट आली तरी आम्ही हलणार नाही.

२४ जून, संत जुआनचा दिवस

गावात आज सगळे समुद्रात डुंबत असतील, एकमेकांच्या अंगावर पाणी फेकत असतील. आम्हाला पाणी खड्ड्यात मिळालं. भरतीबरोबर तळातून वर येतं. बादल्या उपसून पाठीचा काटा ढिला झाला. हाडांखाली पुन्हा तोच पांढरा दगड. रुफो म्हणतो सिमेंट. मी परवा त्यावर जीभ लावून पाहिली. चुनखडीच आहे, कड्यासारखी. त्याला सांगितलं नाही.

सेबूचे भाऊ आज बोटीनं निघून गेले. धाकटा जाता जाता म्हणाला, "मालक, भुतांनी माल हलवला. असं होतं कधीकधी. जमिनीखालून चालत जातो तो." लोलोला त्याच बोटीनं जायचं होतं, चटईत बांधलेली हाडं घेऊन. मी जाऊ दिलं नाही. म्हटलं, माल लागेपर्यंत इथून कुणी हलायचं नाही. माझ्या आवाजाची मलाच लाज वाटली. म्हातारा वाळूत गाठोड्याला टेकून बसला.

तांदूळ ओला होऊन आंबलाय. खारवलेल्या मासळीचा वास बोटांना चिकटून बसलाय.

३० जून

आज फिनाचा करार संपला. दोन वर्षं झाली. हुशार आहे पोर, काय करायचं ते नीट करेल. बहुतेक पुन्हा सही करेल, ताय बोलावीपर्यंत. बेटावर निघण्याआधी धाडलेल्या कॅसेटमध्ये मीच सांगितलं होतं, "थोडी कळ काढ, आम्ही एका मोठ्या कामाच्या अगदी जवळ आहोत."

खरं सांगू का? मला आता सोनं डोळ्यांपुढं आणता येत नाही. आधी यायचं, डोळे मिटले की विटा दिसायच्या. आता मिटले की चिखल दिसतो. पण रिकाम्या हातानं घरी जाऊन त्या दुकानात उभं राहायचं, आणि आरशात मागे गावाची तोंडं बघायची? आणि फिनाला काय सांगू, तुझा बाप तीन महिने बेटावर चुनखडी फोडत होता? मला जमणार नाही. आणखी थोडं खणतो. देवा, मी फार थकलोय.

८ जुलै

खड्डा बसला.

सकाळी रुफो खाली होता, मी वर दोरी धरून. लाटेचा आवाज जमिनीच्या आतून आला आणि एक बाजू पाण्यासकट खाली गेली. मी दोरी सोडली नाही, एवढं माझ्या बाजूनं लिहितो. पण एकट्याच्या जोरानं तो वर येईना. मी ओरडत होतो. लोलो तिबुर धावत आला, धावत म्हणजे खुरडत, आणि दोर कमरेला गुंडाळून आडवा पडला. दोघांनी मिळून ओढला. रुफो वर आला तेव्हा त्याचा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. टॉर्च खाली गेली, सेलसकट.

रुफो रडत म्हणत होता, "नोंग, मला घरी ने, घरी ने."

लोलोनं बांबूच्या कामट्यांनी पाय बांधला. मग खड्ड्यापाशी जाऊन रुफोच्या नावानं हाक मारली, "रुफो, उली ना." मी कितीतरी आठवड्यांनी ती हाक ऐकली.

१० जुलै

एका मासेमाराला धूर दिसला. त्याच्या बोटीनं निघालो. रुफो फळीवर, गाठोडं लोलोच्या मांडीवर.

वाटेत गाठोड्याची चटई वाऱ्यानं उघडली आणि ती कवटी दिसली. लोलोनं वाकून तिला झाकलं. तो वाकला तेव्हा त्याच्या खुरट्या केसांच्या डोक्याचा मागचा भाग माझ्यासमोर आला, आणि तोच उंचवटा. मी एवढा गाढव कसा? माझ्या हातानं भादरलेलं डोकं.

"कोण आहे हा?" मी विचारलं.

"सेल्यो. थोरला भाऊ. मला त्यानंच पाण्यात ढकललं. मग गोळ्यांचा आवाज आला."

"आणि पेट्या?"

"काडतुसांच्या होत्या. पुरल्या, मग दुसऱ्या दिवशी परत काढून नेल्या म्हणे. मला काय माहीत, मी पोहत होतो."

मला त्याला समुद्रात फेकून द्यावंसं वाटलं. रुफोचा पाय, तीन महिने, माझं दुकान. मी म्हटलं, "खोटं बोललात!"

"तू सोनं विचारलंस. मी म्हटलं, खड्डा दाखवतो. चर्चमध्ये सांगून झालं, नगराध्यक्षाला सांगून झालं, रेतीवाल्यांना सांगून झालं. हाडांसाठी कोण खणतं, पुलो? तू आला असतास?"

मी आलो नसतो.

गाठोडं सावरत तो म्हणाला, "हाडं निघाल्यावर लगेच मी म्हटलं होतं ना, घरी चला म्हणून."

१४ जुलै, घरी

रुफो इस्पितळात आहे. पाय वाचेल, पण वाकडा राहील. सिमा माझ्याशी बोलत नाही. दुपारी तिनं टेपला वायर जोडली, माझ्यापुढं आणून ठेवला, स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं.

दुसरी बाजू ऐकली.

फिना हळू आवाजात बोलते. मागे नळाचं पाणी सोडलेलं ऐकू येतं, कुणी ऐकू नये म्हणून सोडलं असेल.

"ताय, हे तुझ्यासाठीच. आईला सांगू नको, ती जीव टाकेल. मॅडमचा भाऊ आता इथंच राहतो. म्हणून मी स्वयंपाकघरात झोपते. मॅडमनी माझ्यावरच राग काढला, केस कापले. ताय, जूनच्या शेवटी सही करायची आहे. मला करायची नाहीये. पण तू म्हणालास, थोडी कळ काढ, मोठं काम जवळ आलंय. तुझं काम माझ्यामुळं मोडायला नको. म्हणून तुलाच विचारते. तू म्हणशील तसं. एक शब्दाची तार कर, उली. बस्स, मी समजेन. तार आली की मी सही करणार नाही, काहीही होवो. नाही आली तर समजेन की अजून जमलं नाही, आणि करीन सही. पत्ता सांगते, हा माझ्या मैत्रिणीचा आहे, सावकाश लिहून घे…"

पत्ता तिनं दोनदा सांगितला. दुसऱ्यांदा एकेक अक्षर सुटं करून. मग म्हणाली, "कात्रीला धार कर हं," आणि नळ बंद झाला.

जूनची अखेर होऊन गेली. ती रोज तारेची वाट बघत असेल, आणि मी तिच्या कॅसेटचे सेल चिखलात उजेड पाडायला वापरत होतो. तेरा जूनला म्हातारा म्हणाला होता, पोरीची कॅसेट ऐक. त्यानंतरच्या पहिल्या बोटीत बसलो असतो तरी वेळ होता. मी आज माणसात नाही. सिमाला सगळं सांगितलं. तिनं मला मारलं. बरं केलं.

१६ जुलै

काल रविवार, तार ऑफिस बंद. आज उघडायच्या आधीच दारात जाऊन बसलो. कारकून म्हणाला, "एकच शब्द? अजून काही लिहायचं नाही?" मी म्हटलं, "दोन लिही. फिना उली."

दुपारी उत्तरेत मोठा भूकंप झाला. मनिलाच्या पुढं तारा जातात की नाही, कुणाला माहीत नाही. कारकून म्हणतो, गेली असेल. असेल म्हणजे काय?

२५ जुलै

उत्तर नाही. तिनं सही केली, दुसरं काय. आणखी दोन वर्षं त्या घरात, कडीच्या दाराआड. मी दुकान उघडलंय, पण काल एका माणसाच्या कानाला कात्री लागली, आज बंदच ठेवलं. जेवण जात नाही. रात्री पडून छताकडे बघतो आणि नळाचा आवाज ऐकू येतो. जगून काय करायचंय असंही मनात येऊन गेलं. हे पान फाडणार नाही, वाचू दे तिला.

काल सेल्योला मूठमाती दिली. चर्चमध्ये चार माणसं होती. लोलो तिबुर नवा सदरा घालून आला होता. बाहेर पडताना त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "मी रोज हाक मारत होतो. पंचेचाळीस वर्षांनी आला. तूही मार."

तेव्हापासून रोज संध्याकाळी धक्क्यावर जातो. पश्चिमेकडे तोंड करून हाक मारतो. मासेमारी करणारे बघतात. बघू देत.

१ ऑगस्ट, बुधवार

तार! फिनाची तार!

तारवाला दुकानात आला तेव्हा माझे हात साबणानं भरलेले होते, गिऱ्हाइकानंच वाचून दाखवली: "तार मिळाली. सही राहिली होती, मॅडम उन्हाळ्यासाठी लंडनला. पासपोर्ट मिळाला. शुक्रवारचं विमान. उली ना को ताय." येतेय मी घरी, ताय! मी त्या माणसाची अर्धी दाढी तशीच ठेवून घराकडे पळालो. सिमा रडतारडता मला शिव्या द्यायला लागली. दोन आठवड्यांनी माझ्याशी बोलली.

दिवसभर घर उलटंपालटं केलं. तिची खोली धुतली, खिडकीला नवा पडदा. डुकराचं पिल्लू सांगून ठेवलंय, आल्या दिवशी भाजायला. रुफो कुबडी टेकत आला आणि म्हणाला, "नोंग, शेवटी सोनं लागलं म्हणायचं." लोलो तिबुरनं मोठा मासा आणून दिला, पैसे घेतले नाहीत.

कात्रीला धार केली. उद्या संध्याकाळच्या बोटीनं मनिलाला निघतो, विमानतळावर मीच जाणार. कात्री आणि कंगवा पिशवीत टाकलाय, तिचे केस तिथंच बाकावर बसवून सारखे करीन, घरी तशी नको यायला.

सलूनमधल्या रेडिओवर इतके दिवस भूकंपाचंच चाललं होतं. आज सांगत होते की इराकनं कुवेतच्या सीमेवर पुष्कळ सैन्य आणून ठेवलंय, तेलावरून काही वाद आहे, बोलणीही चाललीत. गिऱ्हाईक काळजीनं माझ्याकडे बघायला लागलं. मी म्हटलं, श्रीमंतांची भांडणं, बसून मिटवतील, आणि रेडिओ गाण्यांवर लावला.

संध्याकाळी धक्क्यावर गेलो, आज सिमाही आली. दोघांनी मिळून हाक मारली, "फिना, उली ना!" पाणी अगदी शांत होतं.

परवा या वेळेला ती विमानात असेल.